मोबाइल व्हॅसची वाढ नेमकी कुठे आहे? आधी बिल कोण भरतो ते पाहा

एका कंपनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या कांदा, द्राक्ष, डाळिंब उत्पादकांना बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मराठीतून मोबाइलवर द्यायचा आहे. कंपनी पाच-सहा जणांची. वर्गणी महिना ३० रुपये, आणि ती मोबाइल कंपनीमार्फत बॅलन्समधून कापून घ्यायची. मूल्यवर्धित सेवांचा, म्हणजे व्हॅसचा, धंदा अजून वाढतोय का, की कॉलर ट्यूनबरोबर तोही गेला? आणि एसएमएस, आयव्हीआर (फोनवर ऐकून बटण दाबायची ध्वनिसेवा), व्हॉट्सॲप, ॲप यांतले धरायचे काय?

धंदा वाढतोय, पण तुम्ही दुकान मांडू पाहताय त्या चौकात नाही. व्हॅसचे बिल पूर्वी ग्राहक भरायचा. आता ते बहुतांशी बँक, विक्रेता, कारखाना, सरकारी खाते किंवा खुद्द मोबाइल कंपनी भरते. एवढे ध्यानात घेतले की कोणती सेवा टिकणार आणि कोणती नाही याचा अंदाज बराचसा आपोआप येतो.

बॅलन्स गेला कुठे

२००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले आणि मोबाइल सामान्य माणसाच्या खिशात आला. पुढची दहा वर्षे व्हॅसची चांदी होती. टीव्हीवरच्या स्पर्धांना मत द्यायला ३ ते ६ रुपयांचा एसएमएस, क्रिकेटचे स्कोअर, राशिभविष्य, विनोद, आणि सगळ्यांत मोठी दुभती गाय म्हणजे कॉलर ट्यून: महिन्याचे भाडे साधारण ३० रुपये आणि गाणे बदलले की वर आणखी १५. बेंगळुरूची ऑनमोबाइल, मुंबईची हंगामा, हैदराबादची आयएमआयमोबाइल या कंपन्या याच लाटेवर मोठ्या झाल्या.

या कमाईचा पाया दोन गोष्टींवर होता. एक, प्रीपेड ग्राहकाच्या खात्यात पडून असलेला मुख्य बॅलन्स. दोन, आपण कशाला ‘हो’ म्हटले हे ग्राहकाला नीट न कळणे. दुसरी गोष्ट ट्राय या दूरसंचार नियामकाने तोडली. जुलै २०१३ च्या निर्देशानुसार सेवा सुरू करताना दुहेरी संमती सक्तीची झाली: ग्राहकाने मागणी केली तरी वेगळ्या मार्गाने त्याची दुसरी होकार-नोंद मिळाल्याशिवाय पैसे कापता येत नाहीत. बंद करायला १५५२२३ हा सर्व कंपन्यांचा एकच टोल-फ्री क्रमांक. संमती खरोखर विचारली जाऊ लागल्यावर कित्येक सेवांचे ग्राहक झरझर गळाले. त्या सेवांची आधीची मागणी किती खरी होती, हे त्यावरूनच समजावे.

पहिली गोष्ट मात्र कोणत्याही नियमाने संपवली नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले, कॉल मोफत झाले, आणि वर्षा-दोन वर्षांत सगळ्यांची रिचार्ज पद्धत ‘अनलिमिटेड पॅक’वर गेली. या पॅकमध्ये टॉकटाइम नसतो. ग्राहक २८ किंवा ८४ दिवसांसाठी शेकड्यांत रुपये भरतो, पण त्याचा मुख्य बॅलन्स शून्य किंवा चार-दोन रुपये. म्हणजे ज्या गल्ल्यातून तुम्ही ३० रुपये काढणार, तो गल्लाच रिकामा. कॉलर ट्यूनचे तेच झाले. जिओने ती मोफत केली, मग इतरांनाही पॅकमध्ये घालावी लागली.

जिथे बॅलन्स असतो तिथले गणितही पाहा. ग्राहकाकडून ३० रुपये कापले. १८ टक्के जीएसटी आत धरला तर उरले २५ रुपये ४२ पैसे. मोबाइल कंपनीचा वाटा ६० टक्के धरू (यापेक्षा जास्त मागितला तर दचकू नका): गेले १५ रुपये २५ पैसे. उरलेल्या १० रुपये १७ पैशांतून मधला ॲग्रीगेटर, म्हणजे तुमची सेवा मोबाइल कंपनीशी जोडणारा मध्यस्थ, ३० टक्के घेतो, म्हणजे ३ रुपये ५ पैसे. तुमच्या हातात ७ रुपये १२ पैसे. तेही शंभरातल्या ज्यांच्याकडून वसुली झाली त्यांच्याकडूनच. वसुली फसली की सिस्टम उतरत्या भाजणीने प्रयत्न करते: महिन्याचे ३० नाही मिळाले तर आठवड्याचे ७, तेही नाही तर दिवसाचा १ रुपया. कागदावर तुमचे ग्राहक दहा हजार दिसतात, पण त्यातले बरेच असे रुपयावाले किंवा ग्रेस पीरिअडमध्ये लटकलेले. म्हणून ॲग्रीगेटर ग्राहकसंख्या सांगू लागला की त्याला एकच प्रश्न विचारा: गेल्या ३० दिवसांत पूर्ण दराने यशस्वी वसुली कितींची झाली?

मग वाढ कुठे आहे

सर्वांत मोठा प्रवाह संस्थांकडून ग्राहकाकडे जाणाऱ्या संदेशांचा: ओटीपी, बँकेचे व्यवहार, पार्सल, वीजबिल, परीक्षेचे प्रवेशपत्र. यात दर संदेशामागे पैसे थोडे, पण संख्या अवाढव्य आणि वसुली संस्थेकडून, तीही बहुतेक वेळा आगाऊ. टान्ला, रूट मोबाइल, गपशप या कंपन्यांचा मुख्य धंदा हाच.

यातही ओटीपीच्या एसएमएसला आता उतार लागेल असे दिसते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेले निर्देश दुहेरी पडताळणी कायम ठेवतात, पण दुसरा घटक एसएमएस ओटीपीच असला पाहिजे अशी सवय मोडतात. मोबाइल कंपन्यांचे यावरचे उत्तर म्हणजे नेटवर्क एपीआय. ॲपमधला क्रमांक आणि ज्या सिमवरून डेटा चालू आहे तो क्रमांक एकच आहे का, हे नेटवर्क परस्पर सांगते. सिम गेल्या काही दिवसांत बदलले आहे का, हेही. ग्राहकाला आकडे टाकावे लागत नाहीत, आणि फसवणाऱ्याला फोनवरून ओटीपी ‘विचारून घेता’ येत नाही. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ओपन गेटवे या नावाने याचे समान साचे आणले. तुमच्या सेवेला याची आज गरज नाही, पण पुढच्या पाच वर्षांत मोबाइल कंपनीच्या व्हॅस विभागात लोक काय विकत असतील, तर हे.

दुसरा प्रवाह पॅकमध्ये बांधून दिलेल्या सेवांचा. आधी गाणी आणि सिनेमे होते, आता एआय आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत दिले, ऑक्टोबरमध्ये जिओने जेमिनी प्रो १८ महिने. ग्राहकाला ‘फुकट’ दिसणारी ही सेवा खरे तर त्याला दुसऱ्या कंपनीकडे जाऊ न देण्यासाठी असते. लहान कंपनीला या मांडवात शिरणे अवघड. मोबाइल कंपनीला एका तालुक्याची सेवा नको असते, तिला देशातल्या २२ दूरसंचार परिमंडळांत चालणारी वस्तू हवी असते.

तिसरा प्रवाह फीचर फोनचा. त्यावर कुणी लिहीत नाही, पण तुमच्या ग्राहकांत असे लोक भरपूर असणार. *९९# ही बँकेच्या कामांची यूएसएसडी सेवा (इंटरनेटशिवाय, आकडे दाबून चालणारा मेनू) २०१४ पासून देशभर आहे. तिचा दर सत्राला दीड रुपया, मग ५० पैसे, आणि २०२२ मध्ये शून्य झाला. मार्च २०२२ मध्ये फीचर फोनसाठी यूपीआय १२३पे आले: आयव्हीआर, मिस्ड कॉल, फोनमधले ॲप आणि ध्वनिलहरी अशा चार वाटा. यूएसएसडीची खोच मात्र ओळखून असा. सत्र चालू असताना मेनू वाचायला आणि आकडा दाबायला मोजके सेकंद मिळतात. वेळ गेली की सत्र तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच पायऱ्यांचा मेनू म्हणजे निम्मे लोक वाटेतच उतरले.

मराठी एसएमएस: सत्तर खणांचा कागद

तुमचे सगळे गणित इथे ठरते, म्हणून जरा सविस्तर.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी ७-बिटी मजकूर असेल तर १६० कॅरेक्टर. एक जरी देवनागरी अक्षर आले तर अख्खा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. ७१ वे कॅरेक्टर आले की संदेश तुटतो, जोडणीची माहिती दोन्ही तुकड्यांत घालावी लागते, आणि मग दर तुकड्यात ६७ च मावतात. बिल दोन एसएमएसचे.

दुसरी गोम अशी की कॅरेक्टर म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. ‘महाराष्ट्र’ ही आपल्या लेखी चार अक्षरे, पण काना, हलन्त सगळे वेगळे धरून दहा कॅरेक्टर. आता हा नमुना पाहा (भाव काल्पनिक):

लासलगाव: कांदा कमाल १८५०, किमान ७००, सरासरी १५०० रु./क्विंटल.

हे ६१ कॅरेक्टर आहेत. संस्थेच्या नावासाठी नऊ खण उरतात. कुणी तरी सौजन्य म्हणून सुरुवातीला ‘शेतकरी बंधूंनो, ’ घातले की आणखी १६ खण गेले, बेरीज ७७, आणि बिल दुप्पट. घाऊक दर संख्येवर ठरतो. हिशेबापुरते एका तुकड्याला १५ पैसे धरू. रोज एक तुकडा म्हणजे महिन्याला साडेचार रुपये, दोन तुकडे म्हणजे ९. वर तुमच्या हातात उरत होते ७ रुपये १२ पैसे. ‘बंधूंनो’ म्हटल्यावर धंदा तोट्यात जातो तो असा.

यापुढची पायरी डीएलटीची, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीतल्या नोंदणीची. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याने मोबाइल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर आधी संस्था म्हणून नोंदणी करायची, मग सहा अक्षरी हेडर (संदेशावर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव) घ्यायचे, मग प्रत्येक मजकुराचे टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचे, ज्याच्यामार्फत पाठवणार त्या टेलिमार्केटरशी साखळी जोडायची, आणि हा सगळा तपशील आपल्या एसएमएस गेटवेत, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या प्रणालीत, भरायचा. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी पहिल्यांदा सक्तीने लावली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ती आठवडाभर मागे घ्यावी लागली. कारण साधे होते: पाठवलेला मजकूर मंजूर टेम्प्लेटशी जुळत नव्हता. आजही बहुतेक अडचण तिथेच येते.

मराठीत ही अडचण आणखी बारीक आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा एकच शब्द संगणकात तीन प्रकारे साठवलेला असू शकतो. ‘ऱ’ हे एकच कॅरेक्टर वापरले तर शब्द अकरा कॅरेक्टरचा. ‘र’ आणि खाली नुक्ता असा सुटा ठेवला तर बारा. आणि जुन्या कीबोर्डवरून ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडक वापरून आला तरी बारा. डोळ्यांना तिन्ही जवळपास सारखे, चाळणीला तीन वेगळे शब्द. टेम्प्लेट एकाने फोनवर टाइप करून मंजूर करून घेतले आणि संदेश दुसऱ्याने संगणकावरून पाठवला की तो अडतो, आणि चूक कुणालाच दिसत नाही. ‘अॅप’ (तीन कॅरेक्टर) आणि ‘ॲप’ (दोन) यांचेही तेच. उपाय: मजकूर पाठवण्याआधी एनएफसी सामान्यीकरणातून (युनिकोड अक्षरांना एकच ठरावीक रूप देणाऱ्या प्रक्रियेतून) काढा. त्याने सुट्या नुक्त्याचा प्रश्न सुटतो. अदृश्य जोडक आणि ‘अॅ’ मात्र एनएफसी बदलत नाही. त्यासाठी स्वतःची बदल-यादी ठेवा. आणि मंजूर टेम्प्लेट पोर्टलवरूनच कॉपी करून कोडमध्ये टाका, हाताने पुन्हा टाइप करू नका. वर्डमधून आणलेली वळणदार अवतरणचिन्हे आणि ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा, हे इतर दोन नेहमीचे गुन्हेगार.

टेम्प्लेटमधल्या बदलत्या जागांना, म्हणजे व्हेरिएबलना, साधारण ३० कॅरेक्टरची मर्यादा धरून चाला. ‘कृषी उत्पन्न बाजार समिती, छत्रपती संभाजीनगर’ हे ४३ होतात आणि संदेश फेटाळला जातो. बाजार समित्यांची छोटी नावे आधीच ठरवा आणि तीच डेटाबेसमध्ये ठेवा. लिंक द्यायची असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून ती आधी नोंदवलेली असावी लागते. अनोळखी लिंक असलेला संदेश जातच नाही. सर्वसाधारण लिंक-छोटी-करा सेवा वापरू नका, स्वतःच्या डोमेनची लिंक ठेवा.

हेडरच्या आधी दिसणारी दोन अक्षरे मोबाइल कंपनी आणि परिमंडळ सांगतात, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर शेवटी लागणारे अक्षर संदेशाचा प्रकार: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. वर्गणीदाराने मागितलेला भाव हा सेवा-संदेश. त्यात ‘सोबत आमचे खतही घ्या’ घातले की तो जाहिरात होतो, आणि डीएनडीवर (जाहिराती नकोत अशा नोंदणीवर) असलेल्या ग्राहकाची तक्रार आली तर चूक तुमचीच. साध्या सिमवरून गठ्ठ्याने एसएमएस मारण्याचा मोह टाळा. नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते.

दोन लहान पण पैशाच्या गोष्टी. गेटवेला संदेशाची वैधता सांगता येते. ती न सांगितल्यास फोन बंद असलेल्या माणसाला सकाळचा भाव मध्यरात्री पोचतो. बाजारभावाला चार तास पुरे. दुसरे म्हणजे अंक: भावाचे अंक मराठीत चालतील, पण ओटीपी आणि लॉगिनचे आकडे इंग्रजीच ठेवा. फोन ते आपोआप उचलतो तेव्हा बहुतेक ठिकाणी इंग्रजी अंकच शोधत असतो, आणि फीचर फोनच्या कीपॅडवरही तेच असतात.

आवाज

पीकसल्ला एसएमएसमध्ये बसत नाही. सत्तर खणांत करपा आणि फुलकिडे यांतला फरक सांगून दाखवा. त्यासाठी आवाजच लागतो, आणि या बाबतीत शिकण्यासारखे उदाहरण शेतीतले नाही, आरोग्यातले आहे. केंद्राच्या आरोग्य खात्याची ‘किलकारी’ सेवा २०१६ मध्ये सुरू झाली: गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश. मुंबईच्या ‘आरमन’ संस्थेची ‘एममित्र’ही याच वळणाची, आणि कोणती बाई पुढे फोन ऐकणे बंद करील याचा अंदाज तिथे एआयने बांधला जातो आणि तिला आधीच माणसाकरवी फोन केला जातो. यातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. संदेश ‘आज पाठवू या’ म्हणून जात नाही, ऐकणारीच्या आठवड्याला बांधलेला असतो. शेतीतही तेच करा. छाटणीची किंवा लागवडीची तारीख नोंदणीच्या वेळी विचारा आणि सल्ला त्या तारखेपासून मोजून पाठवा. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी १ तारखेला केलेला आणि २५ तारखेला केलेला शेतकरी यांना एकच सल्ला गेला, तर दोघांपैकी एकाला तो निरुपयोगी, कदाचित घातकही.

रेकॉर्डिंग मिनिटाच्या आत. कॉलचे पैसे पल्सवर मोजले जातात. तुमचा करार ३० सेकंदांच्या पल्सचा असेल तर ३१ सेकंदांचा संदेश दोन पल्स खातो, तेव्हा एक तर २८ वर संपवा, नाही तर ५८ पर्यंत वापरा. संस्थेचे नाव पहिल्या चार सेकंदांत, कामाची गोष्ट लगेच, आणि औषधाचे प्रमाण आवाजात सांगितले तरी पाठोपाठ एसएमएसने लिहून द्या. ‘दोन मिली’ आणि ‘दहा मिली’ वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. कॉलचा क्रमांक कधी बदलू नका, आणि नोंदणीच्या दिवशीच तो शेतकऱ्याच्या फोनमध्ये नावासकट साठवून द्या. अनोळखी क्रमांक उचलायचे लोकांनी कधीच सोडले. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आहेत, १६०० ची मालिका बँका, विमा आणि सरकारी सेवांसाठी. या दोन्हींत तुम्ही नीट बसत नसाल तर उलटी वाट घ्या: शेतकऱ्याने मिस्ड कॉल द्यावा आणि तुम्ही परत फोन करावा. त्याने मागितलेला फोन तो उचलतो, आणि संमतीची नोंदही हातात राहते.

व्हॉट्सॲप, ॲप आणि वसुली

व्हॉट्सॲपवर सत्तर खणांची कटकट नाही, टेम्प्लेटमध्ये १०२४ कॅरेक्टर मावतात, पानाचा फोटो मागवता येतो. १ जुलै २०२५ पासून दर टेम्प्लेट संदेशावर आकारणी आहे, आणि जाहिरातीचा दर सेवा-संदेशाच्या कितीतरी पट. पण ग्राहकाने आपणहून काही विचारले की पुढचे २४ तास उत्तरे मोफत. म्हणून सेवा अशी बांधा की शेतकऱ्याने ‘भाव’ असे लिहावे आणि मग उत्तर जावे. रोज सकाळी आपणच ढकलत राहिलात तर बिलही वाढते आणि ब्लॉकही. ब्लॉक वाढले की तुमच्या क्रमांकाचा दर्जा घसरतो आणि दिवसाला किती लोकांना लिहिता येईल याची मर्यादा अडकते. ॲप सध्या नको. जो शेतकरी ॲप उतरवून घेतो तोच ते फोनची मेमरी भरली की आधी काढून टाकतो.

वर्गणीसाठी बॅलन्सऐवजी यूपीआय ऑटोपे. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुनरावृत्त वसुलीला दर वेळी पिन लागत नाही, पण २४ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि ग्राहक ती आपल्या यूपीआय ॲपमधून केव्हाही रद्द करू शकतो. ऑगस्ट २०२५ पासून ही वसुली गर्दीच्या वेळा सोडून होते: सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, किंवा रात्री साडेनऊनंतर. फसली तर आणखी तीनच प्रयत्न. पण मुळात मासिक वर्गणी हा पगारदाराचा हिशेब आहे. शेतकऱ्याकडे पैसा हंगामाला येतो. सहा महिन्यांचे एकदम घ्या, माल विकून पैसे आल्याच्या आठवड्यात.

त्याहून बरे म्हणजे शेतकऱ्याकडून घेऊच नका. बाजारभाव विकण्याचा प्रयोग महाराष्ट्रातच झालेला आहे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेची ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही एसएमएस सेवा ऑक्टोबर २००७ मध्ये इथे सुरू झाली, मराठीतून. अर्थशास्त्रज्ञ मार्सेल फाफचॅम्प्स आणि बार्ट मिन्टेन यांनी राज्यातल्या १०० गावांत तिचा प्रयोग करून पाहिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना मालाचा भाव सरासरीने काही वेगळा मिळाला नाही. माझ्या मते याचा अर्थ माहिती निरुपयोगी असा नव्हे. उचल घेतलेला आडत्या, वाहनभाडे आणि नासणारा माल यांनी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या बाजारातला भाव कळून फारसे करता येत नाही. आणि जे कळून खिशात काही पडत नाही, त्याला तो तिसऱ्या महिन्यात पैसे देत नाही.

ज्याच्या हातात ती माहिती पैसा होते, तो मात्र देतो. दूध संकलन केंद्राला प्रत्येक उत्पादकाला लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि रक्कम दोन्ही वेळा कळवायची असते. साखर कारखान्याला उसाचे वजन आणि हप्त्याची तारीख कळवायची असते. निर्यातदाराला आपल्या द्राक्षबागांत फवारणीचे अंतर पाळले जाते का याची काळजी असते, कारण एक कंटेनर परत आला तर त्याची वर्षाची कमाई जाते. शेतकरी उत्पादक कंपनीला सभासद टिकवायचे असतात. यांना दर शेतकऱ्यामागे हंगामाचा दर सांगा, आणि एसएमएस, कॉल, व्हॉट्सॲपचा खर्च प्रत्यक्ष वापरानुसार वेगळा लावा. सगळे एका दरात कोंबले की पावसाळ्यात हवामानाचे इशारे वाढतात आणि नफा त्यातच वाहून जातो.

सुरुवात एका पिकाने, एका तालुक्यात, एकाच देणाऱ्याबरोबर, ५०० शेतकऱ्यांवर करा. यादी त्याच्याकडून आयती मिळेल, पण तशीच वापरू नका. सुमारे ९० दिवस न वापरलेला क्रमांक बंद होऊन दुसऱ्याला मिळू शकतो. दोन वर्षांपूर्वीच्या यादीत असे क्रमांक हमखास निघतात, आणि पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला रोज कांद्याचा भाव गेला तर तो तक्रारच करणार. प्रत्येकाकडून नवा मिस्ड कॉल घ्या, तारीख-वेळेसह जपून ठेवा. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या डीपीडीपी कायद्यानेही संमती सिद्ध करणे तुमच्याच अंगावर टाकले आहे. मग पहिले तीन महिने डिलिव्हरी रिपोर्ट रोज उघडा. ‘डिलिव्हर्ड’चा आकडा पाहून समाधान मानू नका, सलग दहा दिवस ‘पेंडिंग’ राहून मुदत संपलेले क्रमांक वेगळे काढा. त्यातले काही बंद असतील, काही फोनचा इनबॉक्स भरलेला असेल. फीचर फोनवर ही नेहमीची गोष्ट, आणि तिथे गावातल्या कुणीतरी जाऊन जुने मेसेज पुसून देण्याखेरीज दुसरा इलाज नाही. त्या माणसाचा दिवसाचा भत्ता दरपत्रकात आत्ताच धरून ठेवा.